आकडे सारखे, चले वेगळी: नॉमिनल आणि ऑर्डिनल ओळखताना आलेला माझा अनुभव

सर्वेक्षणाची एक फाईल माझ्याकडे विश्लेषणासाठी आली, तेव्हा रक्तगट, शिक्षण आणि समाधानाची पातळी ही तिन्ही चले (म्हणजे व्यक्तीगणिक बदलणारे गुण) १, २, ३, ४ अशा अंकांतच नोंदवलेली होती आणि संगणकाने तिन्हींची सरासरी विनातक्रार काढून दिली होती. रक्तगटाच्या सरासरीला काहीही अर्थ नसतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या ज्या चार श्रेणी मांडल्या, त्यांतील नॉमिनल (फक्त गटाचे नाव सांगणारी) आणि ऑर्डिनल (गटांचा क्रमही सांगणारी) या पहिल्या दोन. त्या वेगळ्या करण्यासाठी मी एकच कसोटी लावली: अंकांची अदलाबदल केल्यास माहिती बिघडते का? 'ए' गटाला १ ऐवजी ४ दिला तरी काही हरवत नाही, म्हणून रक्तगट नॉमिनल. 'असमाधानी' आणि 'पूर्ण समाधानी' यांचे अंक बदलले की क्रमच मोडतो, म्हणून समाधान ऑर्डिनल.

खरी अडचण 'सांगता येत नाही' या पर्यायाची होती. त्याला ५ हा अंक दिल्यामुळे तो 'पूर्ण समाधानी'च्याही वर जाऊन बसला होता, वस्तुतः त्या क्रमात त्याला जागाच नाही. त्या नोंदी मी बाजूला काढल्या, मात्र त्यांची संख्या अहवालात स्वतंत्रपणे दिली, कारण मत न देणे हीसुद्धा माझ्या मते महत्त्वाची माहिती आहे.

त्यानंतर 'आर' या सांख्यिकी संगणकप्रणालीमध्ये पातळ्यांचा क्रम स्वतः लिहून दिला. तसे न केल्यास शब्दांतील पर्याय वर्णानुक्रमे लावले जातात. रक्तगटासाठी बहुलक (सर्वाधिक वेळा आलेला पर्याय), समाधानासाठी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद), आणि शिक्षण व समाधान या दोन्ही क्रम असलेल्या चलांच्या संबंधासाठी, क्रमांवरूनच संबंध मोजणारा स्पिअरमनचा सहसंबंध गुणांक वापरला.