मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या : दोष अभ्रकाच्या तुकड्यात निघाला (माझा अनुभव)

अन्न गरम करायला ठेवलं की काही सेकंदांत आतल्या उजव्या भिंतीशी तडतड, ठिणग्या आणि जळका वास. भांडं काचेचं, धातूचा अंशही नाही. भांडी बदलली, फिरती थाळी धुतली, आतून सगळं पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. फार वैताग आला होता.

दोष होता त्या भिंतीवरच्या पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या चौकोनी तुकड्यात. तो अभ्रकाचा असतो आणि त्याच्यातूनच लहरी आत येतात. त्यावर उडालेलं तेल करपून कोळसा होतो, कोळशातून वीज वाहते, म्हणून ठिणगी. करपलेला डाग पुसून जात नाही. तुकडाच बदलावा लागतो.

आधी प्लग काढला. मग स्क्रू सोडवून तुकडा अलगद ओढला. तो नव्या अभ्रकाच्या शीटवर ठेवून सुईने कडेने ओरखडा काढला (पेन्सिल नको, तिच्या ग्रॅफाइटमधूनही वीज वाहते), कात्रीने कापला, स्क्रूचं भोक पाडलं. मागची खाच ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी होऊ दिली. मग नवा तुकडा बसवला आणि कपभर पाणी ठेवून १ मिनिट चालवलं. रिकामा चालवू नका. एकही ठिणगी नाही.

बाहेरचं कव्हर मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. भिंतीचा रंग जळून पत्रा उघडा पडला असेल, तर दुरुस्ती करणाऱ्यालाच दाखवा.