उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय? गॅरेजला नव्याने लागणाऱ्या पोरांसाठी

मी सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो. आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या पोरांसमोर लवकरच अशी एक गाडी येते, जी रोज चालवली की झकास, पण चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही. आपल्या भागात अशा गाड्या पुष्कळ. मुलगा पुण्यात नोकरीला आणि गाडी इथे सांगलीच्या विश्रामबागेत दारात, किंवा गळीत हंगाम संपला आणि ट्रॅक्टर महिनोन्‌महिने शेडमध्ये. अशा गाडीला नवी बॅटरी टाकून मोकळं होणं सोपं. पण ग्राहकाचे हजारो रुपये जातात आणि पंधरा दिवसांत नवी बॅटरीही उतरते. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. मल्टीमीटरवर आकडा बघितल्याशिवाय "बॅटरी बदला" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासून घ्या. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धीच. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. लोड टेस्टलाही, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून बघितल्यावरही, ती टिकली तरच गळतीच्या, म्हणजे बंद गाडीत बॅटरीतून जात राहणाऱ्या करंटच्या, मागे लागायचं.

आता मुख्य काम. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि काढलेली वायर यांच्या मधे लावायचा, लाल पिन 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही; मीटरचा फ्यूज उडतो. दार उघडं ठेवावं लागत असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. बटन स्टार्टची गाडी असेल तर किल्ली लांब नेऊन ठेवा.

आणि मग थांबा. नवी पोरं कमी पडतात ती इथेच. मीटर लावल्या लावल्या दोन-तीन अँपिअर दिसतात आणि पोरगा फ्यूज उपसायला लागतो. आजच्या गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, गाडी बंद केल्यावरही काही वेळ जागेच असतात. एकेक झोपत जातं तसा आकडा टप्प्याटप्प्याने खाली येतो. काही गाड्या दहा मिनिटांत झोपतात, काहींना पाऊण तास लागतो. मधेच कुणी दार उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मालकालाही आधीच सांगून ठेवायचं, "काका, गाडीला हात लावू नका."

गाडी झोपल्यावर 50 मिलीअँपिअरच्या आत आकडा असेल तर बहुतेक गाड्यांना तो चालतो. हिशोब करून बघा. 35 अँपिअर-अवर बॅटरीला 30 मिलीअँपिअरने रिकामं व्हायला दीड महिन्याहून जास्त लागेल, 400 मिलीअँपिअरने चार दिवसही नाहीत. कंट्रोल युनिट नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरला मात्र आकडा जवळपास शून्यच हवा.

आकडा वाचायला शिका, तो दिशा दाखवतो. विश्रामबागेतल्याच एका गाडीत तो 0.4 वर येऊन अडला होता. बारा व्होल्टला 0.4 अँपिअर म्हणजे पाच वॅट, म्हणजे एखादा छोटा दिवा. फ्यूज काढायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून तो डिकीत ठेवला आणि डिकी बंद केली. बघितलं तर आत दिवा जळतच होता. स्विच अडकलेला, एवढंच. बॅटरी तीच राहिली.

अंदाज लागला नाही तर फ्यूजकडे वळा. एकेक काढून आकडा पडतो का बघता येतं, पण फ्यूज परत बसवताना गाडी जागी होते. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे त्या लाइनीत करंट नाही. काही दिसलं तर तिथून काहीतरी करंट खातंय. मला हीच पद्धत पटते.

माझ्या अनुभवात सापडणारे चोर बहुतेक बाहेरून बसवलेले असतात: ट्रॅकर, डॅशकॅम, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टीम. बाजारातल्या सेटची पिवळी वायर डायरेक्ट लाइनची, लाल चावीवरची. चावीशिवाय गाणी वाजावीत म्हणून कुणीतरी दोन्ही एकत्र पिळून टेप मारतो आणि सेट रात्रंदिवस जागा राहतो. डॅशबोर्डखाली हात घालून आधी तो टेपचा गोळा शोधा. 2019 च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवा थर आणि सुकलेला गाळ असला की तिथून करंट झिरपू शकतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर, संशय घ्या. त्याची जाड वायर बहुतेक वेळा या छोट्या फ्यूजमधून जातच नाही. बॅटरी सोडवून ती वायर काढा, टोकाला टेप लावा, मग पुन्हा मोजा. आकडा पडला की समजा, करंट उलटा जाऊ न देणारा आतला डायोड गळतोय.

या कामात वेळ जातो, म्हणून तपासणीची मजुरी गाडी घेतानाच बोला. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे बिलावर लिहून द्या.