प्रॉक्सी करायला बसण्याआधी

सर्वात आधी मूळ फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आहेत ना, हे बघून घ्या. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंग हलकं व्हावं म्हणून काढलेली फुटेजची लहान फाइल, नेहमी प्रतीवरून काढायची, कॅमेऱ्याच्या कार्डवरून नाही.

मग प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक क्लिप एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि आत आवाजाचे ट्रॅक किती, प्रत्येकात चॅनेल किती, हे कागदावर लिहून काढा. आठ वेगळे मोनो ट्रॅक आणि आठ चॅनेलचा एकच ट्रॅक, ऐकायला दोन्ही सारखेच. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चॅनेल जुळले नाहीत तर प्रीमिअर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडूनच घेत नाही. कोणत्या चॅनेलवर बूम (काठीवरचा माइक), कोणत्यावर कुणाचा कॉलर माइक, हेही साउंड रेकॉर्डिस्टला विचारून त्याच कागदावर टिपा.

हा कागद मी एका मुलाखतीनंतर करू लागलो. त्या प्रॉक्सीत फक्त पहिला ट्रॅक उतरला होता. पाहुण्याचं एक सुंदर उत्तर नीट ऐकू येत नाही म्हणून मी कापून टाकलं, आणि मूळ फाइलमध्ये तिसऱ्या ट्रॅकवर ते स्वच्छ होतं. एफएफएमपेगला (फाइलचं रूपांतर करणारा प्रोग्राम) काही सांगितलं नाही तर तो आवाजाचा एकच ट्रॅक उचलतो: ज्यात चॅनेल जास्त तो, आणि सगळे सारखे असतील तर पहिला. म्हणून ‘मॅप’ हा पर्याय लिहून सगळे ट्रॅक मागायचेच. सगळं मिसळून दोन चॅनेल करायचा मोह टाळा. बूम आणि कॉलर माइकवर एकच आवाज थोड्या अंतराने पोचतो. दोन्ही एकत्र केले की तो पोकळ वाटतो, आणि नंतर वेगळा काढता येत नाही.

जागा वाचवायला आवाज दाबून लहान करायची गरज नसते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं एक चॅनेल तासाला साधारण ५२० एमबी घेतं, म्हणजे आठ चॅनेल चार जीबीच्या आसपास. प्रोरेस प्रॉक्सी या व्हिडिओ फॉरमॅटचं १०८०पी, २५ फ्रेमचं चित्र तासाला सुमारे १७ जीबी खातं. कात्री लावायचीच तर चित्राला लावा. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, जसाच्या तसा कॉपी करा, आणि त्यासाठी एमपी४ऐवजी एमओव्ही फाइल निवडा. एएसी या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये केलं की सुरुवातीला हजारेक सॅम्पलची (आवाजाच्या बारीक नमुन्यांची) भर पडते; ती सॉफ्टवेअरने नीट वगळली नाही तर ओठ आणि शब्द किंचित सरकतात.

चित्राचं काम तसं सोपं. ३८४० बाय २१६० असेल तर १९२० बाय १०८०, मशीन जुनं असेल तर ९६० बाय ५४०. गुणोत्तर तेच ठेवा. एच.२६४ या फॉरमॅटची फाइल लहान होते, पण तिच्यात बऱ्याच फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे पुढेमागे स्क्रब करताना मशीन अडखळतं. मी प्रोरेस प्रॉक्सीच घेतो.

फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम या आकड्याला, हात लावू नका. २३.९७६चं २४ म्हणून वाचलं गेलं तर तासाभरात सुमारे साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. फोनच्या फुटेजचा फ्रेमरेट बहुतेक वेळा बदलता असतो. ते आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या आणि त्या नव्या फाइललाच मूळ माना. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली वेळ) प्रॉक्सीत उतरला का तेही बघा, कारण दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी जुळवताना त्याचा आधार लागतो. फाइलचं नाव मूळचंच, फोल्डर वेगळा. दोन कार्डांवर एकाच नावाच्या क्लिप असतील तर प्रत्येक कार्डाचा फोल्डर तसाच राखा.

सगळा ढीग रात्रभर लावण्याआधी एकच क्लिप करा, दिवसातली सर्वात लांब. ती जोडा, कागद समोर ठेवून प्रत्येक चॅनेल एकटं ऐका, मग थेट शेवटच्या मिनिटावर जा आणि बोलणाऱ्याचे ओठ बघा. तिथे जुळलं की बाकीच्या क्लिप रांगेत लावा.