रास्पबेरी पायने ट्रान्समीटर चालवताना या चुका टाळा

फोंड्यात पावसाळ्याच्या तोंडाशी वीज जाते आणि येते, हे नवे नाही. पण एका संध्याकाळी वीज परत येताच माझा रेडिओ संच चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सुरू होऊ लागला आणि माझा एकही प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच रेडिओ संचावरचा प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. मी धावत जाऊन संच बंद केला, तोवर मागचा हीटसिंक चांगलाच तापला होता.

चूक माझ्याच जोडणीत होती. पीटीटीची तार (ही ग्राउंडला जोडली की संच प्रक्षेपण सुरू करतो) ग्राउंडला जोडणाऱ्या मॉसफेटचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचे, गेट (व्होल्टेज मिळताच स्विच चालू करणारे टोक) मी पायच्या जीपीआयओ ४ या नियंत्रण पिनेला लावले होते. पाय सुरू होताना ० ते ८ क्रमांकांच्या जीपीआयओ पिना अंतर्गत पुल-अपमुळे ३.३ व्होल्टकडे ओढल्या जातात, तर ९ ते २७ क्रमांकांच्या पुल-डाउनमुळे शून्याकडे. त्यामुळे प्रोग्राम कितीही काळजीपूर्वक लिहिला, तरी तो सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत त्याचा काही उपयोग नसतो. पीटीटीसाठी जीपीआयओ १७ सारखी पिन निवडावी आणि गेटपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावावाच, कारण पायला वीज नसतानाही गेट अधांतरी राहता कामा नये.

पीटीटी सिरियल पोर्टवरून देत असाल, तर दुसरा धोका असतो. पोर्ट उघडताच आरटीएस आणि डीटीआर या पोर्टच्या दोन्ही नियंत्रण रेषा सक्रिय होऊ शकतात आणि संच प्रक्षेपण करू लागतो. पहिली चाचणी म्हणूनच अँटेनाऐवजी डमी लोड (प्रक्षेपणाची शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावून घ्यावी.

हाच डमी लोड आणखी एक कोडे सोडवतो. १० वॅटला सारे सुरळीत चालते आणि ५० वॅटला यूएसबी जोडणी तुटते, असे होत असेल, तर तेवढ्याच शक्तीने डमी लोडवर प्रक्षेपण करून पाहावे. बिघाड नाहीसा झाला, तर अँटेनाकडून येणारी रेडिओ ऊर्जा केबलमध्ये शिरते आहे, असे बहुधा समजावे आणि यूएसबी केबलचे काही वेढे फेराइट कड्यातून (रेडिओ ऊर्जा अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून) घ्यावेत.

पाय गोठला तरी प्रक्षेपण थांबलेच पाहिजे, म्हणून वेळमर्यादा संचातच घालावी. डब्ल्यूएसपीआर या कमी शक्तीच्या डिजिटल संदेशपद्धतीचे एक प्रक्षेपण सुमारे ११० सेकंद चालते; त्याला ३ मिनिटांची मर्यादा पुरते.

दोना पावलासारख्या समुद्रकाठच्या भागात खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवी पुटे चढतात; प्रोग्राममध्ये दोष शोधण्याआधी ते उघडून पाहावेत.