एक्क्यांची जोडी मिळूनही हरताय? या चुका टाळा

पोकरमधल्या लो-लिमिट (लहान रकमांच्या) होल्डेमच्या टेबलावर सगळ्यात मोठं रडगाणं चांगले पत्ते मिळालेल्यांचंच असतं. "एक्के होते हो माझ्याकडे!" होते ना, पण खेळलात कसे? इथे मी फिक्स्ड लिमिटबद्दल बोलतोय, म्हणजे बेटची रक्कम ठरलेली: २-४ च्या टेबलावर फ्लॉपआधी (हातात फक्त स्वतःचे दोन पत्ते असताना) आणि फ्लॉपवर (सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) बेट २ ची, टर्न आणि रिव्हरवर (चौथा आणि पाचवा पत्ता) ४ ची. नो-लिमिटचे व्हिडिओ बघून आलेल्यांनी ऑल-इनचं (सगळे पैसे एकदम लावण्याचं) भूत आधी उतरवावं.

एक्के लपवून खेळणं

या चुकीचा मला मनस्वी कंटाळा आलाय. एका डावात माझ्या शेजारच्याला एक्क्यांची जोडी आली. गडी खूष. पण रेज न करता (बेट न वाढवता) त्याने नुसता कॉल केला (समोरच्या बेटइतकेच भरले), "आत्ताच घाबरवायला नको" म्हणून. मग मागचेही आले, स्मॉल ब्लाइंडने (पत्ते बघण्याआधीच सक्तीने १ लावणारा) उरलेला १ टाकला, बिग ब्लाइंडने (तसेच २ लावणारा) चेक केलं, म्हणजे काही न वाढवता पाळी पुढे दिली. सहा जण, पॉट (मधली जमा रक्कम) १२. फ्लॉप आला गुलाम-अठ्ठी-चौकी. याने बेट लावली, बिग ब्लाइंडने रेज केलं, याने त्यावर पुन्हा रेज केलं. टर्नला ४ च्या बेटवर तेच नाटक. शेवटी बिग ब्लाइंडने पत्ते उघडले: अठ्ठी-चौकी, दोन जोड्या. यावर आमच्या वीराचा सवाल: "असले पत्ते खेळतं कोण?"

अहो, तो खेळायला आलाच नव्हता. ब्लाइंड त्याला लावावाच लागला होता, आणि पुढचे तीन पत्ते तुम्ही त्याला फुकट दाखवलेत.

एका यादृच्छिक हाताविरुद्ध एक्के सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, पाच जणांविरुद्ध जेमतेम निम्म्या वेळा. हा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि मग आणखीच दबकून खेळतात. पण सहा जणांच्या पॉटमध्ये प्रत्येकाचा सरासरी वाटा १७ टक्के, आणि तुमचा ४९! म्हणजे फ्लॉपआधी पडणाऱ्या प्रत्येक बेटमधला जवळपास अर्धा हिस्सा तुमचा, आणि भरायचा तुम्हाला सहावा. अशा वेळी पैसे आत येऊ द्यायचे की बाहेर ठेवायचे? लो-लिमिटमध्ये रेज केल्याने फारसं कोणी पळत नाही. पळाले तर उत्तम, थांबले तर दुप्पट भरून थांबतात. मी एक्के, राजे, राण्या या जोड्यांना दर वेळी रेज करतो, समोरून रेज आलं तर पुन्हा करतो. 'समोरच्याला फसवणं' वगैरे कला इथे कोणी बघत नाही. बहुतेकांचं लक्ष स्वतःच्या दोन पत्त्यांपलीकडे जात नाही.

एक्का-राजा म्हणजे जोडी नव्हे

फ्लॉपवर एक्का किंवा राजा जुळण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश. तीनातल्या दोन वेळा तुमच्या हातात काहीच नसतं. तरी लोक रिव्हरपर्यंत कॉल करत राहतात, कारण "पत्ते इतके चांगले होते." फ्लॉप नऊ-आठ-सहा, त्यात दोन बदाम, समोर चार जण, एकाने बेट लावली आणि दुसऱ्याने रेज केलं. टर्नला तुमचा पत्ता लागण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही बदामाचा एक्का आलाच तर कोणाचा तरी फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पूर्ण. फेका. एकच प्रतिस्पर्धी असेल आणि फ्लॉप विस्कळीत (एकमेकांशी न जुळणाऱ्या पत्त्यांचा) असेल, तर मीही एक बेट लावतो. पण चौघांविरुद्ध नाही.

चुकीच्या जागी शहाणपण

वरचं वाचून काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातील, म्हणून सांगतो. हातात मोठी जोडी, पॉटमध्ये ४०, रिव्हरवर ४ ची बेट समोर आली. अकरातून एकदा जिंकलात तरी हिशोब जुळतो. तिथे "मला कळलं, त्याच्याकडे मोठं काहीतरी आहे" म्हणत फोल्ड करणारे (पत्ते टाकून देणारे) स्वतःला हुशार समजतात. विचार करायची जागा टर्न आहे. आतापर्यंत गप्प कॉल करणाऱ्याने तिथे अचानक रेज केलं, तर पुढे अजून किमान ८ जाणार आहेत. अशा माणसाकडे बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा त्याहून चांगलं असतं. मी एकटी जोडी तिथेच सोडतो. रिव्हरची वाट बघत नाही.

थोडक्यात बाकीच्या

राजांची जोडी आणि फ्लॉपवर एक्का: सुमारे २३ टक्के वेळा हे होणारच. नशिबाला शिव्या देऊ नका.

गुलामांची जोडी: निम्म्याहून अधिक फ्लॉपवर गुलामापेक्षा मोठा पत्ता येतो. रेज जरूर करा, पण लग्न लावू नका.

"सूटेड (दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे) आहे ना!" त्याने जिंकण्याच्या शक्यतेत दोन-तीन टक्क्यांची भर पडते. राजा-तिर्रीचं सोनं होत नाही.

सुरुवातीच्या पत्त्यांचा तक्ता पाठ करून येणारे तर वेगळीच जमात. जागेचा (आपली पाळी कितवी याचा) कॉलम गाळून पाठ करतात! पहिल्या जागेवरून राजा-गुलाम ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) खेळायचा, मागून एक्का-गुलामवाला उठला की किकरवर (जोडी सारखी असताना निकाल लावणाऱ्या दुसऱ्या पत्त्यावर) मरायचं.

आणि घाई. राण्या किंवा त्याहून मोठी जोडी, नाहीतर एक्का-राजा, यांपैकी काहीतरी सरासरी ३९ डावांत एकदा येतं; नुसते एक्के २२१ डावांत एकदा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला ३० च्या आसपास डाव होतात, हिशोब तुम्हीच करा. मधल्या वेळात मी पत्ते फेकून कोण काय उघडतं ते बघत बसतो. कंटाळवाणं आहे, मान्य. नवखे मात्र अर्ध्या तासात एक्का-सत्तीला 'मजबूत' म्हणायला लागतात, आणि रेज करणाऱ्यामागे राजा-राणी ऑफसूट घेऊन धावतात.