दुर्मिळ फळझाडं कुंडीत: बीपासून पहिल्या फळापर्यंत

उष्ण कटिबंधातलं एखादं दुर्मिळ फळझाड दगावलं की दोष थंडीला दिला जातो, नाहीतर खताला. झाड उपटून पाहिलं तर कारण बहुतेक वेळा मुळाशी निघतं. कधी सोटमूळ कुंडीच्या तळाशी वेटोळं होऊन बसलेलं असतं, कधी तंतुमुळं कुजून काळी झालेली असतात. कधी मुळं ठणठणीत असतात, पण पाणी इतकं जड (विरघळलेल्या क्षारांचं) की त्यांना लोह उचलताच येत नाही. त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर मुळं, माती आणि पाणी यांबद्दलच आहे.

कोणतं झाड घ्यावं

कोकमाच्या कुळातल्या मँगोस्टीनने सुरुवात करू नका. सगळ्यांना तेच हवं असतं आणि तेच सगळ्यांत जास्त मरतं. बीपासून फळापर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात. तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की वाढ मंदावते, ५ अंशांखाली किंवा ३८ अंशांवर झाडच जाऊ शकतं. आधी अबियू (चिकूच्या कुळातलं, पिवळ्या फळाचं झाड) किंवा रोलिनिया (सीताफळाच्या कुळातली) लावा. दोन्हींना बीपासून साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येऊ शकतं आणि हाताळणीतल्या चुकाही ही झाडं बऱ्यापैकी पोटात घालतात.

कायम कुंडीतच ठेवायचं झाड हवं असेल तर जाबोटिकाबा (द्राक्षासारख्या फळाचं झाड) आणि मिरॅकल फ्रूट (हे लाल फळ खाल्ल्यावर आंबट पदार्थ गोड लागतात). जाबोटिकाबाचं फळ थेट खोडाला लगडतं, त्यामुळे लहान झाडावरही ते शोभतं. मात्र ‘साबारा’ जातीचं रोप बीपासून केलं तर आठ वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. लाल संकरित जात तीन ते पाच वर्षांत फळते. घाई असेल त्याने लाल जातच घ्यावी. काटेरी, उग्र वासाच्या फळाचं दुरियन हे कुंडीचं झाड नव्हे. तो मोठा वृक्ष आहे, फुलं संध्याकाळनंतर उमलतात, परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात आणि अनेक जाती स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत.

बी की कलम, हे झाडागणिक बदलतं. मँगोस्टीनचं बी परागाशिवायच तयार होतं, म्हणून रोप मातृवृक्षासारखंच निघतं. जाबोटिकाबाच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपं येतात आणि तीही बहुधा मूळ झाडाच्या गुणाची असतात. लिचीच्या कुळातल्या रामबुतानचं बी मात्र जुगार आहे. बरीच रोपं नर निघतात, म्हणजे पाच-सहा वर्षं पाणी घातल्यावर फुलोरा दिसतो आणि फळ कधीच धरत नाही. रामबुतान कलमीच घ्यावं.

बी वाळू देऊ नका

धान्याचं, भाजीचं बी वाळवून डबीत ठेवता येतं. या झाडांचं बी वाळलं की मेलं, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तरी मेलं. रामबुतान, दुरियन, मँगोस्टीन, मिरॅकल फ्रूट या सगळ्यांचं बी फळातून काढल्यापासून काही दिवसांतच उगवण गमावू लागतं. ‘सुकं बी’ म्हणून कोणी विकत असेल तर पैसे वाया गेले असं समजा. दुसऱ्या देशातून बी मागवताना आधी आयातीचे आणि वनस्पती विलगीकरणाचे नियम पाहा. पार्सल तीन आठवडे अडकलं तर आत जिवंत काही उरत नाही.

फळ खाल्लं की त्याच दिवशी बी कामाला लावा. गर पूर्ण काढायचा. बोटांनी निघत नसेल तर बी बारीक वाळूत चोळून वाहत्या पाण्याखाली धुवा. चिकटून राहिलेल्या गोड गरावर दोन दिवसांत बुरशी धरते आणि ती बीच्या आत शिरते. मग धुतलेलं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून मुठीत घट्ट पिळा. जेमतेम एखादा थेंब पडला पाहिजे, धार नाही. हा ओलावा साधला की निम्मं काम झालं. त्यात बी घालून पिशवी बंद करा आणि २५ ते ३० अंशांच्या उबेत ठेवा. आठवड्यातून दोनदा उघडून हवा द्या आणि काळं, मऊ पडलेलं बी काढून टाका.

मँगोस्टीनचं बी वजन करून घ्यावं. फळात एक-दोन पाकळ्यांतच जाड बी असतं. एक ग्रॅमपेक्षा हलकं बी उगवलं तरी रोप दुबळं राहतं, म्हणून ते ठेवूच नये. याच्या उगवणीत एक गंमत आहे. बीच्या एका टोकातून मूळ निघतं आणि कोंब दुसऱ्या टोकातून. काही दिवसांनी कोंबाच्या बुडाशी नवं मूळ फुटतं आणि पहिलं मूळ सुकून जातं. हे माहीत नसलं की माणूस घाबरून बी उकरतो आणि नवं मूळ मोडून बसतो. बी आडवं ठेवा, वर जेमतेम एक सेंटिमीटर मिश्रण घाला आणि त्यानंतर हात लावू नका. रामबुतानचं बीही आडवंच लावायचं, नाळेची खूण खालच्या बाजूला. म्हणजे रोप सरळ येतं.

कुंडी आणि मिश्रण

मँगोस्टीन, रामबुतान, दुरियन यांचं सोटमूळ पान फुटायच्या आधीच खोल जातं. चहाच्या कपाएवढ्या कुंडीत ते महिनाभरात तळाला टेकतं, वळतं आणि ते वळण जन्मभर राहतं. त्यामुळे बी मोड येताच ३५ ते ४० सेंटिमीटर खोल, अरुंद पिशवीत किंवा नळकांड्यात लावा. तळ जाळीचा असेल तर उत्तम. मुळाचं टोक हवेला लागून तिथेच सुकतं आणि वरून नवी उपमुळं फुटतात. जाबोटिकाबाची मुळं तंतुमय आणि उथळ असतात, त्याला रुंद कुंडी चालते.

मिश्रणाचं एक भरवशाचं प्रमाण: चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग पर्लाइट (भाजून फुलवलेल्या खडकाचे पांढरे, हलके दाणे) किंवा भाताचं तूस, दोन भाग सालीचे नखाएवढे तुकडे, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. कोकोपीट साध्या पाण्यात भिजवून, निथळून, असं तीनदा करा. त्यात मीठ असतं आणि या झाडांना मीठ अजिबात सोसत नाही. मिश्रण भरल्यावर वरून लिटरभर पाणी ओता. ते लगेच खाली उतरलं पाहिजे. मिनिटभर वर तुंबून राहिलं तर तूस किंवा पर्लाइट वाढवा.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्या घालायची सवय सोडा. निचरा त्याने सुधारत नाही, उलट बिघडतो. घरातला स्पंज भिजवून आडवा धरा आणि गळायचं थांबू द्या. आता तोच उभा करा, खालून पुन्हा पाणी गळेल. माती तशीच वागते. तळाशी एक ओला थर नेहमी अडकून राहतो आणि त्याची जाडी मिश्रणावर ठरते, भोकांवर नाही. खडे घातले की तो ओला थर वर सरकतो, थेट मुळांच्या उंचीवर. उंच कुंडी उथळ कुंडीपेक्षा चांगली निथळते, तेही याच कारणाने.

पाणी

यातली पुष्कळ झाडं आम्लधर्मी मातीतली. मिरॅकल फ्रूटला सामू, म्हणजे पीएच, ४.५ ते ५.८ लागतो. जाबोटिकाबाला ५.५ ते ६.५ मानवतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं बायकार्बोनेट हळूहळू मिश्रणाचा सामू चढवतं. वर्ष-दीड वर्ष सगळं छान चालतं आणि मग एकाएकी नवी पानं पिवळी येऊ लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. मातीत लोह नसतं असं नाही, चढ्या सामूमुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी खत वाढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. खतातल्या क्षारांनी मुळं आणखी पोळतात.

सगळ्यांत सोपा उपाय पावसाचं पाणी साठवून वापरणं. ते नसेल तर पाण्यात थोडं थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घालत सामूच्या पट्टीवर ६ च्या आसपास आणा आणि तेच पाणी नेहमी द्या. पिवळेपणा आला असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) मुळाशी ओता, लेबलवरच्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करून. ईडीटीए प्रकारचं लोह स्वस्त मिळतं, पण सामू साडेसहाच्या पुढे गेला की त्याचा फारसा उपयोग होत नाही. लोह संध्याकाळी द्यावं, कारण उजेडात ते विघटित होतं. परिणाम आधी नव्या पानांत दिसतो, जुन्या पानांवरून निकाल लावू नका. आणि हो, जाबोटिकाबाची कोवळी पालवी मुळातच गुलाबी असते, मँगोस्टीनचीही तांबूस. तो रोग नाही.

पाणी वारानुसार घालू नका. पाणी दिल्यावर कुंडी उचलून तिचं वजन हाताला कळू द्या. ती लक्षात येण्याजोगी हलकी झाली की पुढचं पाणी, आणि तेही तळातून वाहीपर्यंत. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. जाबोटिकाबा तेवढा अपवाद. तो तहानलेला असतो, एकदा कोरडा पडला की पानं झाडतो, त्यामुळे त्याची माती सतत ओलसर हवी.

पान काय सांगतं

टोक आणि कडा तपकिरी होऊन वाळत आत सरकत असतील तर क्षार साठले आहेत किंवा हवा फार कोरडी आहे. आधी कुंडीच्या तिप्पट साधं पाणी ओतून माती धुऊन काढा. पानाच्या मधोमध, उन्हाच्या बाजूला पांढुरका आणि मग तपकिरी डाग पडला तर तो उन्हाचा चटका. पानं मलूल आणि माती मात्र ओली असेल तर पाणी ताबडतोब बंद करा. मुळं कुजत आहेत. झाड बाहेर काढून पाहा. निरोगी मुळाचं टोक पांढरं आणि कडक असतं, कुजलेल्या मुळाची साल बोटाने ओढली की मोज्यासारखी निघते आणि आतला दोरा उरतो. ती मुळं कापा, त्या प्रमाणात पानंही कमी करा आणि कोरडसर मिश्रणात, सावलीत ठेवा.

मँगोस्टीनला पहिली दोन-तीन वर्षं ५० टक्के शेडनेट हवंच. रामबुतानला पहिलं वर्ष. उन्हात आणायचं तर सकाळच्या तासाभरापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या. वाऱ्याची आडही तितकीच महत्त्वाची आहे, पण तिकडे फार कमी जण बघतात.

खत कमी आणि वारंवार: सावकाश विरघळणारं खत लेबलच्या पाव मात्रेत. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे ना, ते पाहा, कारण कोकोपीट हे दोन्ही धरून ठेवतं. पालवी कोवळी असताना कुंडी बदलू नका. पानं निबर झाली की बदला, नवी कुंडी फक्त पाच-सात सेंटिमीटर मोठी घ्या. मँगोस्टीनचा मातीचा गोळा फुटला तर झाड वर्षभर हलत नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड शोधायला पानं उलटत बसण्यापेक्षा मुंग्यांची रांग कुठे चढते ते पाहा.

पाचर कलम

खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळांचं रोप, पेन्सिलीएवढा जाड झाला की कलम करता येतं. ज्या फांदीची काडी (खुंटावर बसवायचा तुकडा) घ्यायची तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापा. देठ आपोआप गळून डोळे फुगले की काडी तयार झाली. आठ-दहा सेंटिमीटरची काडी घेऊन खालचं टोक तीन सेंटिमीटर लांब पाचरीसारखं तासा, प्रत्येक बाजू एकाच ओढीत. दोनदा तासलं की पृष्ठभाग लाटांसारखा होतो आणि आत हवा राहते. खुंटाला तेवढीच उभी चीर द्या आणि काडी बसवा. जाडी जुळत नसेल तर एका बाजूची साल सालीला नेमकी भिडवा. मधोमध बसवलेली काडी दोन्हीकडे चुकते. कलमपट्टीने घट्ट बांधून वर प्लास्टिकची टोपी घाला आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत डोळा हलतो. आठवड्याभरात फुटला तर हुरळून जाऊ नका, तो काडीतल्या साठ्यावरही फुटतो. अबियू आणि त्याच्याच कुळातला मॅमी सपोटा यांना चीक येतो. काप दिल्यावर तो थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपा, नाहीतर जोड बसत नाही.

फूल आणि फळ

रोलिनिया आणि तिच्या कुळातल्या झाडांत एकच फूल आधी मादी आणि नंतर नर होतं. परागीभवन छोटे भुंगेरे करतात आणि ते घराजवळ असतीलच असं नाही. दुपारनंतर ज्या फुलातले पुंकेसर सुटे होऊन झडत आहेत त्याचे पराग कोरड्या डबीत घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी नुकत्याच उघडू लागलेल्या फुलाच्या आत, चिकट दिसणाऱ्या भागावर मऊ ब्रशने लावा. पहिल्या बहरात दोन-तीनच फळं ठेवा.

अबियू पूर्ण पिवळा होईपर्यंत झाडावरच राहू द्या, थोडं कच्चं काढलं तरी चिकाने ओठ चिकटतात. रोलिनिया मात्र पिवळेपणा येताच काढून मऊ कापडावर पिकवावी, बोट दाबलं तिथे ती काळी पडते. जाबोटिकाबा साठवायच्या भानगडीत पडू नका. तोडल्यापासून तीन-चार दिवसांत तो आंबायला लागतो, म्हणून खोडाशी उभं राहून जेवढा खाल तेवढाच काढा.