मित्र तारा दुर्बिणीतून पाहताय? या चुका टाळा

"दिसले जी काका, दोनही तारे!" शेजारचं पोरगं दक्षिणेकडे बोट दाखवून ओरडलं. दुर्बीण अजून पेटीतच होती.

त्याला दिसले ते मित्र आणि मित्रक, नरतुरंग तारकासमूहातले दोन ठळक तारे. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मित्र आपल्यापासून 4.4 प्रकाशवर्षांवर, मित्रक जवळपास 400. शेजार फक्त दिसण्यापुरता. आपल्याला हवी ती जोडी एकट्या मित्रमध्ये दडलेली आहे: नुसत्या डोळ्यांना तो एक दिसतो, पण आहेत दोन तारे. त्रिशंकू या तारकासमूहाकडून डावीकडे आलात की आधी निळसर मित्रक, मग त्याहून तेजस्वी, पिवळसर मित्र.

साध्या 10×50 द्विनेत्रीनं ही जोडी फुटत नाही. मी दोन उन्हाळे त्यात घालवले. सध्या दोघांत 10 आर्कसेकंदही (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अंतर नाही, त्यामुळे छोटी का होईना, 60 पट दाखवणारी दुर्बीण लागते.

वेळ चुकवू नका. हिवाळ्यात रात्री दक्षिणेला चमकतो तो अगस्त्य, मित्र नव्हे. मित्र मेच्या मध्यात रात्री सव्वाअकराला आणि जूनच्या सुरुवातीला सव्वादहाला सर्वात वर येतो. मृगाचे ढग आले की हंगाम संपला.

आणि 'सर्वात वर' म्हणजे किती? यवतमाळहून जेमतेम 9 अंश. हात लांब करून मूठ धरा, तेवढंच. धुऱ्यावरची एक बाभूळही त्याला झाकते, म्हणून जागा दिवसाच पाहून ठेवा. त्यात मे महिन्यात वावरं साफ करताना पऱ्हाट्या पेटवतात आणि धूर नेमका तिथंच रेंगाळतो. त्या रात्री सरळ झोपा.

स्लॅबवर दुर्बीण लावू नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा टाकतो, तारा लाहीसारखा उडतो. मातीत लावा, अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

ताऱ्याला लाल-निळी किनार दिसली तर भिंगाला दोष देऊ नका. क्षितिजालगतची जाड हवाच लोलकासारखी प्रकाश फोडते. मी भिंग उघडून पुसायला गेलो. ते अजून नीट बसलेलं नाही.

चित्र थरथरतं म्हणून पट वाढवू नका, थरथर पण वाढते. डोळा लावून थांबा, हवा मधूनच क्षणभर स्थिर होते. 1689 मध्ये पुदुच्चेरीत धूमकेतू पाहताना झां रिशो या फ्रेंच पाद्र्याला ही जोडी दिसली होती, तीही तेव्हाच्या दुर्बिणीतून.

पोरगं दहा मिनिटं हललं नाही. मग म्हणालं, "एक मोठा न् एक बारका. चिकटलेच हायेत जी."